अटकेची यादी सगळ्यांना दिसावी का?

पंचगंगा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एकाने पोलिसांच्या संकेतस्थळावरचा स्क्रीनशॉट टाकला. अटक झालेल्या आरोपींची यादी, त्यातल्या एका नावाभोवती लाल गोल, आणि खाली प्रश्न : "हा आपल्या बी विंगमधलाच ना?" त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर एकच वाद चालू आहे. निम्मे म्हणतात, बरं झालं कळलं. निम्मे म्हणतात, असल्या याद्या बंदच करा.

मी बंद करण्याच्या विरोधात आहे. का, ते सांगते.

गेल्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ टेम्पो घेऊन शेजारच्या जिल्ह्यात गेला होता. संध्याकाळी फोन बंद लागला. रात्री दहाला त्याच्याबरोबरच्या क्लीनरने दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून कळवलं, "दादाला उचललंय." कुठल्या ठाण्याने, कशासाठी, त्याला काहीच माहीत नव्हतं. मी आणि वडील रात्रभर तीन पोलीस ठाण्यांत फिरलो. प्रत्येक ठिकाणी ठाणे अंमलदाराचं उत्तर तेच : इथे असा कुणी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो थेट कोर्टाच्या आवारात दिसला. पहिल्याच ठाण्याच्या लॉकअपमध्ये होता. वडील सकाळपासून अपघात विभागातल्या बेवारस रुग्णांमध्ये त्याला शोधत होते.

त्या रात्री ठाण्याबाहेर नुसता एक कागद लावलेला असता, तर वडिलांवर ती वेळ आली नसती. म्हणून "याद्या बंद करा" म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं : तुमचा माणूस रात्री घरी आला नाही, तर तुम्ही त्याला कुठे शोधाल?

एकांडा

ताई, तुमच्या वडिलांवर आली ती वेळ कुणावरही येऊ नये. पण लाल गोल ज्याच्या नावाभोवती पडतो, त्याच्या बाजूनेही कुणीतरी बोलायला हवं.

सात वर्षांपूर्वी बांधावरून भांडण झालं. चुलत्यांनी फिर्याद दिली. मला अटक झाली, एक दिवस पोलीस कोठडी, मग जामीन. चार महिन्यांनी तपासात सगळं खोटं निघालं आणि पोलिसांनी कोर्टात ब समरी पाठवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ब समरी म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी होती असा पोलिसांचाच अहवाल. कोर्टाने तो मान्य केला.

ब समरीचा कागद माझ्या कपाटात आहे. अटकेची नोंद मात्र कुणीतरी डाउनलोड करून ठेवली होती. बहिणीचं स्थळ जुळत आलं असताना ती मुलाकडच्यांच्या फोनवर पोचली. मी कागद घेऊन गेलो, त्यांनी चहा पाजला, आणि आठ दिवसांनी निरोप आला की पत्रिका जमत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2022 चा तुरुंगांचा अहवाल बघा. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे 76 टक्के कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही. शंभरातल्या पाऊणशे लोकांबद्दल कोर्टाने काहीच म्हटलेलं नाही, आणि गाव मात्र निकाल लावून मोकळं. माझं मत स्पष्ट आहे : यादी नातेवाइकांना मिळावी, जगाला नाही.

काळाकोट

सत्र न्यायालयात वकिली करतो. कायदा काय म्हणतो तेवढं आधी मांडतो, कारण ग्रुपवरच्या वादांत दोन वेगळ्या गोष्टी एक होतात.

पहिली गोष्ट एफआयआर. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये आदेश दिला की गुन्हा नोंदवल्यापासून 24 तासांत एफआयआर संकेतस्थळावर टाकावी. इंटरनेटची अडचण असलेल्या भागांत 48, फार तर 72 तासांत. लैंगिक गुन्हे, पोक्सो (लहान मुलांवरचे लैंगिक गुन्हे), दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले.

दुसरी गोष्ट अटकेची यादी, आणि तिचं मूळ वेगळं आहे. डिसेंबर 1996 मध्ये डी. के. बसू खटल्याचा निकाल लागला. विषय होता कोठडीतले मृत्यू. न्यायालयाने सांगितलं की अटक झाल्यापासून 12 तासांत नियंत्रण कक्षाला कळवायचं, माणूस कुठे ठेवलाय ते सांगायचं, आणि ते ठळक दिसेल अशा फलकावर लावायचं. पुढे हे फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 41-क म्हणून आलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 37 आहे. आता प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी यासाठी नेमायचा आहे, आणि अटक झालेल्याचं नाव, पत्ता व गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात दर्शनी भागात लावायचं आहे. डिजिटल स्वरूपातही लावता येतं.

माझं मत विचाराल तर पंचगंगाताईंच्या बाजूने. ही यादी जन्माला आली ती कोठडीत माणसं मरत होती म्हणून. ती पोलिसांवर नजर ठेवायला आहे. जुन्या कलमात फलकावर अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दाही लावायचा होता. नव्या कलमात आरोपीचं नाव-पत्ता राहिला आणि अधिकाऱ्याचं नाव गळलं. मला सगळ्यात जास्त हे खटकतं, आणि यावर कुणी बोलत नाही.

सचिव_काका

मी पंचगंगाताईंच्याच, 84 फ्लॅट्सच्या सोसायटीचा सचिव आहे. एवढंच म्हणतो की आमच्या इमारतीत लहान मुलं आहेत, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका आहेत. कुणाला काय कलम लागलंय हे कळलं तर त्यात वाईट काय? सरकारनेच उघड केलेली माहिती आहे. आम्ही कुणाला फासावर देत नाही, फक्त सावध राहतो.

एकांडा

काका, सावध राहायला रस्ता आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या. कामावर माणूस ठेवताना त्याच्याकडून पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागा. त्यात निदान पोलीस नोंदी तपासून लिहून देतात. नावावरून शोधलं तर एकाच नावाचे चार लोक एका तालुक्यात निघतात. तुमच्या सोसायटीसारखंच कुणी लाल गोल काढला आणि माणूस दुसराच निघाला, तर माफी कोण मागणार?

ऑस्टिनकर

मी टेक्सासमध्ये अठरा वर्षं आहे. तुम्ही ज्याबद्दल भांडताय ते इथे टोकाला गेलेलं पाहिलंय.

इथे अनेक काउंटींचा (म्हणजे जिल्ह्यांचा) शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, आपल्या तुरुंगाची यादी संकेतस्थळावर ठेवतो. आज आत कोण आहे, कशासाठी, जामिनाची रक्कम किती. बऱ्याच ठिकाणी फोटोही असतो. आमच्या मंडळातला एक मुलगा एका रात्री परतला नाही, तेव्हा पहाटे तीन वाजता त्याच यादीत आम्हाला तो सापडला. सकाळी वकील आणि जामिनाचे पैसे घेऊन आम्ही दारात हजर. पंचगंगाताई, तुम्ही म्हणता त्या कागदाचं काम एका क्लिकवर.

पण त्याच यादीतले फोटो उचलून खासगी कंपन्यांनी संकेतस्थळं उभी केली. नाव गुगल केलं की पहिला तोच फोटो. खटला रद्द झाला तरी तसाच, आणि काढून टाकायला पैसे. हा धंदा इतका वाढला की कॅलिफोर्नियाने 2015 पासून फोटो काढण्याचे पैसे घेण्यावर बंदी आणली. न्यूयॉर्कने 2019 मध्ये अटकेचे फोटो सरसकट देणं थांबवलं. युटाने 2021 मध्ये ठरवलं की दोष सिद्ध झाल्याशिवाय फोटो सहसा द्यायचा नाही. आमच्या त्या मुलाचा खटला रद्द झाला, तरी पुढे दीड वर्ष त्याला घर भाड्याने मिळताना त्रास झाला.

म्हणून मी दोघांच्याही मधे नाही, एका ठाम जागी उभा आहे : माणूस आत आहे तोवर यादी उघडी, सुटला की नाव खाली.

काळाकोट

नाव खाली उतरवणार कसं, हा प्रश्न आहे. आपल्याकडे 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या एका भारतीय वंशाच्या अमेरिकी नागरिकाला दिलासा दिला. निकालपत्र गुगलवर दिसू नये असा अंतरिम आदेश दिला. पण त्याला त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. माझ्या अशिलांपैकी किती जण जाऊ शकतील? कलम 37 मध्ये अटक लावायला सांगितली आहे, सुटका लावायला सांगितलेली नाही. दोषमुक्त झाला, समरी झाली, निर्दोष सुटला, यातलं काहीही त्या फलकावर चढवण्याचं बंधन त्या कलमात कुणावर नाही.

निशिगंधा

इतका वेळ वाचत होते. सगळे अटक झालेल्याबद्दल बोलताय, म्हणून लिहिते.

माझ्या नवऱ्याला मारहाणीच्या गुन्ह्यात अटक झाली तेव्हा मला कळलं, कारण फिर्याद माझीच होती. तो जामिनावर सुटला ते मला किराणा दुकानदाराने सांगितलं. "साहेब काल आले होते, सिगारेट घेतली." मी त्याच संध्याकाळी मुलीला घेऊन आईकडे गेले. ऑस्टिनकर म्हणतात, सुटला की नाव खाली. पण माझ्यासाठी तोच क्षण सर्वात महत्त्वाचा होता.

ऑस्टिनकर

निशिगंधाताई, तुमचं बरोबर आहे, मी घाईने लिहिलं. इथे याच कारणासाठी व्हाइन नावाची सोय आहे. 1993 मध्ये केंटकीत एका तरुणीचा तिच्या पूर्वीच्या मित्राने तिच्या एकविसाव्या वाढदिवशी खून केला. तो तुरुंगातून सुटल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर 1994 मध्ये ही सेवा सुरू झाली : आपलं नाव नोंदवायचं, आरोपी सुटला की फोन येतो. जगाला दाखवायची गरज नाही, जिला धोका आहे तिला कळलं पाहिजे.

माळरान

मी पारधी वस्त्यांवर काम करतो. तुम्हा सगळ्यांच्या चर्चेत एक गोष्ट राहिली, ती म्हणजे पत्ता.

तुमच्या यादीत एकाचं नाव आलं तर एका घराची बदनामी. आमच्याकडे आडनाव आणि वस्तीचं नाव छापलं की सगळ्या वस्तीची. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 मध्ये गेला. पण तालुक्यात कुठे घरफोडी झाली की पहाटे गाडी अजून आमच्याच पालांपाशी थांबते. गेल्या वर्षी एका पोराचं नाव-पत्ता फोनवर फिरला आणि शाळेतल्या तीन मुलींना बाकी पोरी "चोरांच्या" म्हणायला लागल्या. त्यातल्या दोघींनी शाळा सोडली. तिसरीला मी रोज गाडीवर सोडायला जातो.

तरी यादी बंद करा असं मी म्हणणार नाही. आमच्यात माणूस उचलला की तीन-तीन दिवस कुठल्याच वहीत त्याची नोंद नसते. बायका पोरं घेऊन ठाण्याबाहेर बसतात, आत आहे म्हणायला कुणी तयार नसतं. आम्हाला यादी पाहिजे. पत्ता नको. आणि वकीलसाहेब म्हणाले ते अधिकाऱ्याचं नाव पाहिजेच पाहिजे. "तुमचा माणूस अमक्याने आणला, अमक्या वाजता" हे लिहिलेलं असलं की त्याला हात लावताना दहादा विचार होतो.

सचिव_काका

माळरान, त्या मुलींचं वाचून मनाला लागलं. मी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण ग्रुपवरचा तो स्क्रीनशॉट ॲडमिन म्हणून मी आत्ता काढून टाकला.

पंचगंगा

मी सुरुवात केली तेव्हा मला वाटत होतं, यादी उघडी की बंद एवढाच प्रश्न आहे. एकांडा, तुमच्या बहिणीबद्दल वाचल्यावर मी भावाशी बोलले. त्याच्यावरचा खटला अजून चालू आहे. तो म्हणाला, त्या रात्री नाव लागलं असतं तर बरं झालं असतं, पण आता कुणी शोधलं तर सापडू नये. दोन्ही गोष्टी त्याला एकदमच हव्या आहेत, आणि त्यात मला काही चूक दिसत नाही.

उद्या मी त्या ठाण्याच्या माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज देणार आहे. तीन गोष्टी विचारल्या आहेत : कलम 37 साठी नेमलेला अधिकारी कोण, त्या तारखेचा फलक कुणी आणि किती वाजता लिहिला, आणि ती नोंद किती दिवस ठेवतात. काळाकोट, अर्जाचा मसुदा तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलाय, एकदा नजर टाका. माळरान, तुमच्या तालुक्यातल्या ठाण्यासाठीही असाच अर्ज हवा असेल तर सांगा, मी लिहून देते.