दारावर कुणी चौकशीला आलं तेव्हा काय झालं? अनुभव सांगा

मुलगी टेक्सासात असते, एच-वन-बीवर. सात वर्षं झाली. मागच्या महिन्यात फोनवर नेहमीचं बोलणं झाल्यावर हळूच म्हणाली, "आई, मी आता भाजी आणायला जातानाही पासपोर्ट आणि आय-नाइंटीफोरची, म्हणजे इथल्या प्रवेशाच्या नोंदीची, प्रत पर्समध्ये ठेवते." १८ वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा कागद सतत जवळ बाळगायचा, हा तिथला नियम जुनाच आहे. पण सात वर्षांत तिला त्याची आठवणही नव्हती, आणि आता ती रात्री उठून पर्स तपासते. तिच्या कंपनीच्या वकिलाने सगळ्यांना बसवून सांगितलं: दार वाजलं तर न उघडता वॉरंट मागा, आणि त्यावर न्यायाधीशाची सही आहे का ते बघा. इमिग्रेशन खात्याने आपल्याच अधिकाऱ्याच्या सहीने काढलेल्या वॉरंटवर कुणाच्या घरात शिरता येत नाही, असं तिथली न्यायालयं मानत आली आहेत.

फोन ठेवला आणि मला नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरातलं आमचंच दार आठवलं. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी दोन माणसं आली. गणवेश नव्हता. "ठाण्यातून आलो, भाडेकरूंची चौकशी आहे." वरच्या खोलीत नर्सिंग शिकणाऱ्या दोन पोरी होत्या, एक भंडाऱ्याची, एक बालाघाटची. दोघी कॉलेजात गेलेल्या. मी खोलीची किल्ली दिली. त्यांनी कपाट उघडलं, वह्या चाळल्या, फोटो काढले आणि गेले. मी नाव विचारलं नाही, ओळखपत्र मागितलं नाही. पोरी संध्याकाळी आल्या आणि उघडं कपाट बघून रडल्या. बालाघाटच्या मुलीने महिना संपायच्या आत खोली सोडली. किल्ली मी दिली होती, हे मला अजून टोचतं.

म्हणून विचारते. इथलं असो की परदेशातलं, सरकारी माणसाने अधिकारापलीकडे पाऊल टाकलं असं तुम्हाला वाटलं तो प्रसंग लिहा. काय केलं, काय करायचं राहून गेलं, तेही लिहा. ठाण्यांची आणि अधिकाऱ्यांची नावं नकोत.

इतवारी, सराफा ओळ

ताई, आमच्याकडचे कारागीर बहुतेक बंगालचे. हुगळी, मेदिनीपूरकडचे. बारीक तारकामाला त्यांचाच हात लागतो. एक जण अकरा वर्षांपासून माझ्याकडे आहे, त्याची पोरगी इथल्या मराठी शाळेत दुसरीत जाते. २०२५ च्या पावसाळ्यात बांगलादेशी असल्याच्या संशयावरून त्याला पोलीस ठाण्यातून निरोप आला, कागद घेऊन या. सकाळी अकराला गेला, रात्री साडेनऊला सोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आधार दाखवलं, तर हा नागरिकत्वाचा पुरावा नाही म्हणाले. आता ते खरंच आहे, कायद्याने आधार म्हणजे नागरिकत्व नव्हे. पॅन कार्डाचंही तसंच. मतदार ओळखपत्र दाखवलं तर "हे खोटं बनवून मिळतं." मग आणू तरी काय? "बापाचे कागद आण." भावाने गावाहून जमिनीच्या दस्ताचा फोटो पाठवला. फोटो चालत नाही म्हणाले. शेवटी भाऊ मूळ दस्त पोटाशी बांधून गीतांजलीने आला, तेव्हा तिसऱ्या दिवशी सुटका झाली.

मी त्या तीन दिवसांत एकच गोष्ट मागत होतो: याला बोलावल्याची नोटीस द्या, नाहीतर कुठे नोंद केली ती दाखवा. नोटीस नाही, नोंद नाही, अटक तर नाहीच. रोज दहा तास बाकावर बसलेला माणूस कागदोपत्री कुठेच नव्हता.

चोरून येणारे नाहीतच, असं मी म्हणत नाही. असतील तर शोधा, ते तुमचं कामच आहे. पण त्याच वर्षी महाराष्ट्रात पकडलेले काही बंगाली मजूर थेट सीमेपलीकडे ढकलले गेले, आणि पश्चिम बंगालमधून त्यांचे कागद आल्यावर त्यांना परत घ्यावं लागलं. आपल्याच देशाची माणसं ती! १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात कलम ९ होतं: मी परदेशी नाही, हे ज्याच्यावर संशय त्यानेच सिद्ध करायचं. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, ओझं मात्र त्याच खांद्यावर राहिलं. मी सहज विचार केला, मला बोलावलं तर माझ्याकडे काय आहे? वडिलांचा जन्मदाखला नाही. घराची रजिस्ट्री १९९४ ची, बस.

त्याच्या पोरीने नंतर महिनाभर एकच प्रश्न विचारला, बाबा आज परत येणार ना?

जरीपटका

माझं मराठी नागपुरातच शिकलेलं, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही सिंधमधून २००९ मध्ये आलो. लाँग टर्म व्हिसावर राहत होतो, आमच्याकडे सगळे एलटीव्हीच म्हणतात. सुरुवातीच्या वर्षांत शहराबाहेर लग्नाला जायचं तरी आधी परवानगी लागायची. आत्येसासू वारल्या तेव्हा मुलुंडला परवानगीशिवाय निघता आलं नाही, तिसरा दिवस होऊन गेला. २०१६ च्या शेवटी आमच्यासारख्यांना नागरिकत्व द्यायचे अधिकार नागपूरच्या कलेक्टरांना मिळाले, तेव्हा जरीपटक्यात पेढे वाटले होते. मला २०२२ मध्ये मिळालं. सासूबाई अजून एलटीव्हीवरच आहेत.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला ते भयंकर झालं. लगेच आदेश आला, पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द. हिंदूंच्या एलटीव्हीला तो लागू नव्हता, पण पहिल्या रात्री हे आम्हाला कोण सांगणार? सासूबाईंनी ७४ व्या वर्षी पिशवी भरून दाराजवळ ठेवली. दुसऱ्या दिवशी मी त्यांची फाइल घेऊन गेले. तिथल्या एका हवालदारांनी शांतपणे आदेशाची प्रत काढली, बोट ठेवून ओळ वाचून दाखवली आणि म्हणाले, "माई, तुम्हाला हे लागू नाही, घरी जा, पाणी प्या." बाकी कुणी एवढंही केलं नव्हतं. ती पिशवी सासूबाईंनी मात्र जून संपेपर्यंत उचलली नाही.

हिंगणा

माझं छोटंसं. भावाभावांच्या वाटणीच्या भांडणात मला व्हॉट्सॲपवर पोलिसांची "हजर राहा" अशी नोटीस आली. वकील म्हणाले, जानेवारी २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर चालत नाही. तसं लेखी कळवलं. चार दिवसांनी रीतसर कागद आला, मी गेलो, जबाब दिला, आलो. कुणी रागावलं नाही.

उमरेड रोड, बी.ए. दुसरं वर्ष

मी फासेपारधी आहे. माझे पणजोबा जन्मले तेव्हाच सरकारच्या लेखी गुन्हेगार होते, १८७१ च्या कायद्याने. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. ७० वर्षं उलटून गेली, पण आजूबाजूच्या कुठल्याही गावात घरफोडी झाली की डीबीची, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे शोध पथकाची, गाडी पहिले आमच्या बेड्यावरच, म्हणजे वस्तीवरच, येते. काहून? तर "तुमच्याचपैकी कोणी असन."

मागच्या थंडीत पहाटे साडेचारला चुलतभावाला नेलं. तो त्या रात्री माझ्या शेजारी झोपलेला होता. काकू गाडीमागे अनवाणी पळून राहिली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो कुठे आहे हे कोणी सांगेना. मग मी आमच्या कॉलेजच्या सरांना घेऊन गेलो. सरांनी आवाज न चढवता दोनच गोष्टी विचारल्या: याची अटक दाखवली आहे का? दाखवली असेल तर अटकेचं कारण आम्हाला लेखी द्या, नसेल तर तो कुठल्या अधिकारात आत आहे? संविधानाचं कलम २२ सांगतं, अटकेचं कारण सांगायचं, वकिलाला भेटू द्यायचं आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. तासाभरात भाऊ बाहेर आला. पाठीवर वळ होते.

सर सोबत नसते तर मी हेच शब्द बोललो असतो, अन् मलाही आत बसवलं असतं. हे मी रागाने नाही लिहून राहिलो. बेड्यावरची पोरं शाळेत जातात, पोलीसभरतीची तयारी करतात, माझी बहीण रोज पहाटे मैदानावर पळते. तिला वर्दी हवी आहे.

मानेवाडा, निवृत्त पोलीस

वरचं वाचून झोप लागली नाही म्हणून लिहितो. ३३ वर्षं खात्यात काढली. सगळेच असे नसतात, जरीपटक्याच्या ताईंनी लिहिलेलं वाचा. पण पारधी मुलाने लिहिलंय ते खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही. वरून विचारतात, "किती उघडकीस आणले?" मग खाली जो हाताशी लागतो त्याला उचललं जातं. मीही नव्या नोकरीत असताना असं केलं आहे. त्यातल्या एका माणसाचा चेहरा मला अजून दिसतो.

कामाचं सांगतो. डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले नियम आजही लागू आहेत. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी दिसली पाहिजे. अटकेचा पंचनामा जागेवर व्हावा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही हवी, अटक झालेल्याचीही. नातेवाइकाला कळवलंच पाहिजे. आता कायद्यातलं: साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर बाईला, १५ वर्षांखालच्या मुलाला आणि ६० वर्षांवरच्या पुरुषाला ठाण्यात यायची सक्ती नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची नाही. अगदी अपवाद म्हणून करायची झाली तर महिला अधिकाऱ्याने आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यायची.

आणि भाऊ, कोणी आलंच तर पहिले बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा खात्यातला क्रमांक, विचारा. स्टेशन डायरीत तुमच्याकडे यायची नोंद घेतली का, हे विचारा. ज्याचं काम सरळ आहे तो सांगतो.

महाल

१७ मार्च २०२५ ची रात्र आमच्या खिडकीतून पाहिली. दगड आले, गाड्या पेटल्या, आमची लुना जळाली. दंगल करणाऱ्याला शिक्षा व्हावी असं मला त्या रात्रीही वाटत होतं आणि आजही वाटतं. पण आठवडाभरात आरोपींच्या घरांवर महापालिकेचं यंत्र आलं. न्यायालयात आरोपपत्रही गेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ लाच सांगितलं होतं की १५ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय आणि म्हणणं ऐकल्याशिवाय घर पाडता येणार नाही. आपल्या नागपूर खंडपीठाने २४ मार्चला स्थगिती दिली, तोवर एक दुमजली घर पडलेलं होतं. पुढे आयुक्तांनी न्यायालयाची माफी मागितली, त्या निकालाची माहिती नव्हती म्हणाले.

माझ्या गाडीचा पंचनामा व्हायला अकरा दिवस लागले. ते घर एका दिवसात गेलं. त्या घरात म्हातारी माणसंही राहत होती.

धरमपेठ

भाचा अमेरिकेत एमएस करत होता. एप्रिल २०२५ मध्ये सकाळी विद्यापीठाचा ईमेल आला, तुझी सेविस नोंद (परदेशी विद्यार्थ्यांची तिथली सरकारी नोंद) बंद झाली आहे. कारण? दोन वर्षांपूर्वी गाडी वेगात चालवल्याचा दंड, तोही भरलेला. तसे हजारो विद्यार्थी होते. मुलं न्यायालयात गेली आणि महिना संपायच्या आत सरकारने नोंदी पुन्हा सुरू करतो म्हणून सांगितलं. भाच्याची आली. पण ते अडीच आठवडे तो खोलीतून बाहेर पडला नाही, आणि इथे ताईने देवापुढचा दिवा विझू दिला नाही.

बेसा

माझ्या बाबांना सीबीआयच्या नावाने फोन आला होता. तीन दिवस "डिजिटल अटक", कॅमेरा सुरू ठेवून. मुदत ठेव मोडून पैसे पाठवले. आमच्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही, हे मी त्यांना नंतर समजावलं. तेव्हा बाबा म्हणाले, "मला वाटलं ते काहीही करू शकतात." बाबा ३० वर्षं गणित शिकवत होते. वरच्या सगळ्यांचं वाचताना मला त्यांचं ते वाक्य आठवत राहिलं. वर्दीतला माणूस लेखी काही न देता कुणालाही बसवून ठेवू शकतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. ठगांनी त्याचाच फायदा घेतला.

मूळ लेखिका

सगळ्यांचं वाचलं, उमरेड रोडच्या मुलाचं तीनदा. परवा पासपोर्टच्या पडताळणीसाठी एक शिपाई आले होते. मी जाळीच्या दारातूनच ओळखपत्र मागितलं. त्यांनी दाखवलं. नाव आणि बक्कल नंबर वहीत लिहून घेतला, मग दार उघडून पाणी दिलं. हात थरथरत होता. बालाघाटच्या मुलीचा नंबर शोधून तिलाही फोन केला. माफी मागायची होती. तिने उचलला नाही, पुन्हा करीन.

आर्वी, सध्या नागपूर

उशिरा लिहितोय. माझ्या आईचा जन्म १९५६ चा, घरीच झालेला. दाखला नाही. आता उशिराच्या जन्मनोंदींची फार तपासणी सुरू आहे, बोगस दाखले निघाले म्हणून २०२५ मध्ये विशेष पथकही बसलं होतं. अर्ज करायलाच आई घाबरते. काय करावं?

मूळ लेखिका

दादा, गावाच्या कोतवाल बुकात त्या सालची जन्मनोंद मिळते. तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मागा. आईचं नाव बहुतेक नसेल, "अमक्याला मुलगी झाली" एवढंच असतं, म्हणून आजोबांच्या नावाने शोधा. आई शाळेत गेली असेल तर दाखल-खारिज रजिस्टरचा उतारा काढा. अर्ज दिला की पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट. आईंना एकटं पाठवू नका. बुधवारी मी मोकळी असते, यायचं असेल तर कळवा.