मदत हवी आहे : मूळ कॉल कुठल्या असेंब्लीतून (कंपाइल झालेल्या डीएलएल किंवा ईएक्सई फाइलमधून) आला?

नमस्कार मंडळी, नागपुरात आयटी पार्कमध्ये सी शार्पवर काम करतो. आमची लॉगिंग लायब्ररी (प्रोग्राममध्ये काय घडलं ते नोंदवणारा सामायिक कोड) बिलिंग, स्टॉक, पगार अशी सगळी मॉड्यूल्स वापरतात आणि प्रत्येक नोंदीत मूळ मॉड्यूलचं नाव हवंच आहे. डॉटनेटमधलं गेटकॉलिंगअसेंब्ली हे फंक्शन फक्त लगतचा कॉलर (कॉल करणारा कोड) देतं. मध्ये रॅपर (कॉल पुढे पाठवणारा मधला कोड) असला की त्याचंच नाव येतं. रिलीज बिल्डमध्ये जेआयटीने (प्रोग्राम चालताना कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरने) मेथड इनलाइन केली, म्हणजे तिचा कोड कॉलरमध्येच मिसळला, तर उत्तरच बदलतं. स्टॅकट्रेसच्या (त्या क्षणी चालू असलेल्या कॉल्सच्या यादीच्या) फ्रेम्स, म्हणजे एकेक कॉल, तपासत आपल्या असेंब्लीबाहेरची पहिली फ्रेम घेतली, तर साध्या कॉलला जमतं. पण अवेटनंतर (असिंक काम संपायची वाट पाहून कोड पुढे चालू झाल्यावर) मूळ कॉलर बहुतेकदा स्टॅकवर उरतच नाही, शिवाय दर नोंदीला स्टॅक चाळणं महाग पडतं. मॉड्यूलचं नाव सुरुवातीलाच असिंकलोकलमध्ये (अवेटनंतरही त्या कामासोबत टिकणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ठेवावं का? कुणी मोठ्या सिस्टिमवर केलं असेल तर अनुभव नक्की सांगा. नागपुरातलं कुणी असेल तर कोड घेऊन भेटायला येतो.