रँचर लोकांना (मोठ्या कुरणांवर गुरं पाळणाऱ्यांना) वणव्याबद्दल सांगायचं कसं? कार्यशाळेला कुणी फिरकतच नाही

माळावरची:
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत आयडाहोला कुरणांच्या व्यवस्थापनात शिकतेय आणि सोबत एक्स्टेन्शनचं काम करते, म्हणजे आपल्याकडे कृषी सहायक गावोगाव फिरतात ना तसलंच. नैऋत्य आयडाहो, जिकडे बघाल तिकडे सेजब्रशची झुडपं आणि त्यात घुसलेलं चीटग्रास, म्हणजे बाहेरून आलेलं, लवकर वाळणारं गवत. २०१५ च्या ऑगस्टमध्ये वीज पडून सोडा फायर लागली, आयडाहो आणि ओरेगन मिळून जवळपास २ लाख ८० हजार एकर जळालं, गायी गेल्या, रानघोडे गेले, कुंपणं गेली, त्यामुळे इथे कुणाशीही बोला, विषय वणव्यावरच येतो. आणि तरी आम्ही वणवा आणि चराईवर कार्यशाळा ठेवली की हॉल रिकामा! मे महिन्यात ठेवली, जेवण फुकट, स्लाइडी चांगल्या, आले ते बहुतेक आमच्यासारखेच ऑफिसवाले. एक म्हातारे रँचर आले होते ते शेवटी म्हणाले, पोरी हे सगळं मला माहितीये, आग लागली की मला माझ्या गुरांपर्यंत जाऊ देणार का तेवढं सांग. कुणीच नीट उत्तर दिलं नाही. इथे कुणी या लोकांसोबत काम केलंय का? काय केलं की ते येतात?

ट्विनफॉल्सकर:
मी आयडाहोतच डेअरीच्या मशिनरीत आहे, गिऱ्हाइकं सगळी हीच माणसं, त्यामुळे थोडं बोलतो. पहिलं म्हणजे मे महिना कुणी निवडला? फेब्रुवारी ते एप्रिल गायी वितात, मेमध्ये वासरांना डाग द्यायचे आणि गुरं बीएलएमच्या (सरकारी जमिनी सांभाळणारं केंद्राचं खातं) जमिनीवर सोडायची, जूनपासून गवत कापणी, त्यात हॉलमध्ये बसायला कोण येणार. डिसेंबर-जानेवारीत ठेवा आणि तुमच्या हॉलमध्ये नको, गुरांचा लिलाव असतो त्या यार्डात ठेवा, तिथे ते आपणहून येतात आणि तासन्‌तास कॉफी पीत बसतात.

दुसरं, त्या आजोबांनी तुम्हाला अख्खा अभ्यासक्रमच सांगितलाय की ताई! पूर्वी व्हायचं असं की आग दिसली की रँचर आपला डोझर आणि पिकअपवरची पाण्याची टाकी घेऊन निघायचा, सरकारी क्रू म्हणायचे मागे हो, तुझ्याकडे रेडिओ नाही, आगीचे कपडे नाहीत, तू कुठे आहेस ते आम्हाला कळत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि त्यावरून जोरदार भांडणं. मग २०१२ पासून आयडाहोत रेंजलँड फायर प्रोटेक्शन असोसिएशन निघायला लागल्या, पहिली माउंटन होमची. ओरेगनमध्ये तर १९६० च्या दशकापासून आहेत. रँचरांनीच मिळून संस्था करायची, वणवा विझवण्याचं बेसिक ट्रेनिंग घ्यायचं, त्यांना फायर शर्ट, रेडिओ, जुन्या सरकारी गाड्या मिळतात आणि मग ते कायदेशीरपणे आगीवर जातात. क्रू यायला वेळ लागतो, रँचर तिथेच राहतो, कुठला रस्ता कुठे संपतो, पाणी कुठे आहे त्याला पाठ असतं. पहिल्या तासाभरात आग छोटी असताना तोच पोचतो. त्यामुळे "वणवा जनजागृती" असलं नाव काढून टाका, "आगीवर जायचं ट्रेनिंग" लिहा आणि बघा.

आणि ट्रेनिंगमध्ये गुरांचं आवर्जून घ्या. घोड्याच्या तोंडाला बांधतात ते हॉल्टर नायलॉनचं असेल तर ते वितळून कातडीला चिकटतं, आधी काढायचं. गुरं गोठ्यात कोंडून निघून जायचं नाही. गवताच्या गंजी घरापासून लांब. वाळल्या गवतात गरम सायलेन्सरची गाडी उभी करायची नाही. बायका जास्त लक्ष देऊन ऐकतात हा माझा अनुभव, त्यांनाही बोलवा, आग लागते तेव्हा घरी बहुतेक त्याच असतात.

प्रेअरीतला_पाटील:
आमच्याकडे कॅन्ससला फ्लिंट हिल्समध्ये उलटाच प्रकार. मार्च-एप्रिलला रँचर स्वतःच कुरणं पेटवतात, शेजारीपाजारी मिळून, पिढ्यान्‌पिढ्या. त्याने रेड सीडरची झाडं माजत नाहीत आणि उंच गवताला ताजे कोंब फुटतात, गुरं त्यावर चांगली भरतात. धूर शहरांपर्यंत जातो म्हणून ओरड होते ती वेगळी. सांगायचा मुद्दा, इथलं एक्स्टेन्शन शिवारात प्रत्यक्ष जाळून दाखवतं, वारा कुठला, ओल किती, पट्टा कुठून पेटवायचा. त्याला लोक येतात. तुम्ही पण जाळून दाखवा.

माळावरची:
पाटील, जाळून दाखवायची आयडिया तुमच्याकडे ठीक, इथे तीच केली तर वाट लागेल. बिग सेजब्रश जळालं की बुडख्यातून परत फुटत नाही, बियांपासूनच यावं लागतं आणि त्याला कितीतरी वर्षं लागतात. तोवर चीटग्रास जागा धरतं, जूनमध्येच वाळून कोळ होतं आणि पुन्हा पेटायला तयार. ही खरी भानगड.

सरळ_सांगतो:
एवढं शास्त्र कशाला. गुरं वाढवा, गवत खाऊन टाकतील, आग लागणारच नाही. सरकार गुरं कमी करायला लावतं म्हणून हे सगळं होतंय.

ट्विनफॉल्सकर:
हे इथला प्रत्येक रँचर म्हणतो आणि अर्धं खरं आहे. २००७ ला मर्फी कॉम्प्लेक्स आग लागली, साडेसहा लाख एकरांच्या आसपास, तेव्हा हाच वाद पेटला होता आणि अभ्यासगट बसला. निघालं असं की हवा मध्यम असेल तर चरलेल्या भागात आग मंदावते, पण कडक ऊन, सुकी हवा आणि वारा सुटला की चरलेलं काय नि न चरलेलं काय, सगळं सारखंच. त्यात जास्त चारलं तर बारमाही गवताचे बुंधे मरतात आणि त्या मोकळ्या जागेत नेमकं चीटग्रासच येतं. त्यापेक्षा वसंतात चीटग्रास हिरवं असताना रस्त्याकडेच्या ठरावीक पट्ट्यात गुरं दाटून चारायची, ते खातात ते तेव्हाच, वाळल्यावर त्याची कुसळं तोंडात रुततात. तो पट्टा मग आग अडवायला कामाला येतो. ताई हे फोटो लावून सांगू नका, ज्याने केलंय त्याच्याच कुंपणापाशी सगळ्यांना उभं करा, त्यालाच बोलू द्या, तुम्ही मागे उभं राहा. शेजाऱ्याचं ऐकतात, युनिव्हर्सिटीचं नाही.

माणदेशी_बाणा:
वाचून गंमत वाटली. आमच्याकडे डोंगर दरवर्षी फेब्रुवारीपासून पेटवतात, नवीन गवत चांगलं येतं म्हणून, आणि येते ती कुसळीच, तिचं बी मातीत पीळ घालून खाली जातं, वरवरच्या आगीने मरत नाही. फॉरेस्टवाले येऊन कायद्याचं कलम वाचून दाखवतात, राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे वगैरे. मेंढ्यावाल्याला कुणी विचारत नाही की बाबा तू जाळतोस का, तुला चारा कधी कमी पडतो. जाळपट्टे, म्हणजे आग अडवायला गवत काढून केलेले पट्टे, काढायला पण बाहेरून मजूर आणतात. मेंढ्यावाल्याला पैसे देऊन जाळपट्ट्यावर मेंढ्या चारायला लावल्या तर?

माळावरची:
माणदेशी, भारी आहे हे, इथे काही ठिकाणी शेळ्या-मेंढ्यांचे कळप भाड्याने आणून अगदी हेच करतात.

सगळ्यांना थँक्स. सुपरवायझरशी बोलले, जानेवारीत लिलावाच्या दिवशी यार्डात ठेवतोय, अर्धा वेळ रेडिओ आणि आगीचे कपडे, उरलेल्या वेळात असोसिएशनचे दोन मेंबर बोलणार. आजोबांना फोन केला, म्हणाले बघू. आता एकच अडचण, जळालेल्या कुरणावर साधारण दोन हंगाम गुरं सोडायची नाहीत म्हणतात, तेवढ्यात गुरं न्यायची कुठे हे कुणीतरी विचारणारच. ट्विनफॉल्सकर, तिकडे लोक चारा विकत घेतात की दुसऱ्याची जमीन भाड्याने घेतात?

ट्विनफॉल्सकर:
दोन्ही करतात, आणि दोन्ही परवडत नाही म्हणून काहीजण गायी विकतात. बीएलएमचा परवाना महिन्याला एका गाय-वासरामागे दीड डॉलरसुद्धा नव्हता, खाजगी कुरण त्याच्या कितीतरी पट महाग. हा प्रश्न शेवटी ठेवू नका, पहिलाच घ्या.