रंगीत मासे आणि मुंबईचं पाणी : तुमचे अनुभव लिहा

गप्पी, मोली, निऑन, झेब्रा... घरी दोन फुटी टाकी असेल तर जे पक्कं ठाऊक आहे ते लिहा. माप आणि कारण दोन्ही हवं. नुसतं ‘मासे टिकत नाहीत’ याचा नवख्यांना उपयोग नाही.

दादर
क्रॉफर्ड मार्केटमधून टाकी आणि मासे एकाच दिवशी आणू नका. बहुतेकांचे मासे पहिल्या पंधरवड्यात जातात ते यामुळेच. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून विषारी अमोनिया निघतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर पुरेसे वाढायला ४ ते ६ आठवडे जातात. तेवढे दिवस मासे न सोडता, पाणी भरलेल्या टाकीत फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणू पोसले जातात. टेस्ट किटवर अमोनिया व नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, की ५-६ मासे सोडा. बाकीचे दोन-तीन आठवड्यांनी.

आणि स्पंज नळाखाली धुऊ नका! क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळा, बस.

घाटकोपर
दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नवीन पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवा म्हणजे क्लोरीन उडतो, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला तर उत्तम. घाईत असाल तर अँटीक्लोरीन (क्लोरीन मारणारं औषध), बाटलीवरच्या मापाने. सोसायटीची टाकी साफ होणार अशी नोटीस लागली की आदल्या दिवशीच बादल्या भरून ठेवा, कारण धुतल्यावर ब्लीचिंग पावडर पडते. त्यानंतर दोन दिवस नळाचं पाणी माशांच्या टाकीत नको.

मुलुंड
मे महिन्यात टाकीतलं पाणी ३१-३२ अंशांवर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणजे दुहेरी मार. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात ती भूक नव्हे, खाद्य टाकू नका. झाकण काढून जाळी लावा, छोटा पंखा पाण्यावर तिरका सोडा. बाष्पीभवनाने दोन-एक अंश उतरतात. पावसाळी दमट हवेत मात्र पंख्याचा फारसा फरक पडत नाही. बर्फ थेट टाकू नका. निऑन टेट्राला २४-२६ अंश मानवतात, म्हणून मुंबईत त्याऐवजी गरम पाणी सोसणारा कार्डिनल टेट्रा घ्या. लाल पट्टा पोटाखालून पूर्ण लांबीभर असतो तो. उन्हाळ्यात माशांची संख्या मुद्दाम कमी ठेवा, हा माझा आग्रह.

बोरिवली
नळाला येणारं तलावाचं पाणी मऊ (क्षार कमी) असतं, टेट्रांना छान. गप्पी-मोलीला जड (क्षार जास्त) पाणी लागतं, नाहीतर त्या पंख मिटून एका जागी डुलत राहतात. फिल्टरजवळ जाळीच्या पिशवीत मूठभर धुतलेले शिंपले ठेवा. टँकर येणाऱ्या इमारतीत उलट: बोअरचं पाणी जड, तिथे गप्पी पाळा, टेट्रा नको.

गिरगाव
डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी थंडावलं की व्हाइट स्पॉट हा परजीवीचा रोग येतो. आधी मासा दगडाला अंग घासतो, मग शेपटीवर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसतात. हीटरने तापमान दर काही तासांनी एक अंश असं ३० पर्यंत न्या, एअर पंप वाढवा. ठिपके गळाले म्हणजे रोग गेला नाही. ते परजीवी तळाशी पडतात, फुटून शेकडो पिल्लं सुटतात, आणि औषध लागू पडतं ते या मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांनाच. म्हणून ठिपके गेल्यावरही औषध दहा दिवस चालू ठेवा, रोज तळ सायफनने ओढा. औषध सुरू असताना फिल्टरमधला कोळसा काढा, तो औषध शोषतो.

पवई
काच साफ ठेवतो म्हणून सकर (काचेला तोंडाने चिकटणारा मासा) घेऊ नका. तो फुटापेक्षा मोठा होतो. दोन फुटी टाकीत मावेनासा झाला की लोक तलावात सोडतात, आणि तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतो. दुकानदाराला परत द्या, पण तलावात कधीही नाही.