पेशंटला काही झालं नाही, तरी नोंद करायची का?

रात्रपाळी: मी हॉस्पिटलचा क्वालिटी विभाग बघते. परवा रात्री एका सिस्टरने लाइन (शिरेत लावलेली नळी) फ्लश करायला सलाइनऐवजी पोटॅशियम क्लोराइडचं अँप्युल उचललं. दोन्ही एकाच ट्रेमध्ये, दिसायला सारखीच. शेजारच्या ज्युनियरने लेबल वाचलं म्हणून निभावलं. सिस्टरने स्वतःच इन्सिडंट फॉर्म भरला. साहेब म्हणतात, "पेशंट ठीक आहे ना? इन्स्पेक्शन तोंडावर आलंय, हे वाढवू नका." वर तिला मेमो द्यायला सांगतात. फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

माजी मेट्रन: अगं, आधी तो फॉर्म नोंदवहीत चढव, घटनेच्याच तारखेने. मेमोवर सही करू नकोस. तिला मेमो मिळाला की दुसऱ्या दिवसापासून त्या वॉर्डातून एकही फॉर्म येणार नाही, आणि साहेब 'शून्य घटना' म्हणून मीटिंगमध्ये मिरवतील. माझा तर शून्यावर विश्वासच नाही.

खरी चूक त्या ट्रेची आहे. कॉन्सन्ट्रेटेड पोटॅशियम शिरेतून थेट गेलं तर हृदय बंद पडतं. ते वॉर्डाच्या स्टॉकमध्ये हवंच कशाला? फार्मसीत ठेवा, तिथूनच पातळ करून येऊ दे.

२००४ साली सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन हॉस्पिटलमध्ये लेबल नसलेल्या भांड्यांमुळे डायऐवजी (एक्स-रेमध्ये रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात ते द्रव्य) जंतुनाशक टोचलं गेलं आणि रुग्ण महिला दगावली. व्यवस्थापनाने चूक जाहीरपणे कबूल केली. तुमच्याकडे तर कुणी दगावलेलंही नाही, मग लपवायचं काय?

हिशेबनीस: मेट्रनबाई, बोलणं सोपं आहे. त्यांच्या अप्रेझलवर सही साहेबांचीच. रात्रपाळी, एकट्याने भिडू नका. विषय औषध समितीच्या अजेंड्यावर 'पोटॅशियमचा साठा' म्हणून घाला. सिस्टरचं नाव नको, ट्रेचा फोटो जोडा.

माजी मेट्रन: हे पटलं. पण फॉर्म आधी चढव, समिती मागाहून. आणि इन्स्पेक्शनला येणारे काही दूधखुळे नसतात. एवढ्या वॉर्डांत वर्षभर एकही नोंद नाही म्हटल्यावर ते आधी तिथेच बोट ठेवतील. हे साहेबांना सांग, त्यांना हीच भाषा कळेल.

रात्रपाळी: फॉर्म चढवला. इन्स्पेक्शनचा मुद्दा काढल्यावर साहेब मेमोबद्दल गप्प बसले, साठा हलवायलाही तयार झाले. आता अडचण वेगळीच. आमची फार्मसी रात्री बंद असते. इमर्जन्सीला पोटॅशियम लागलं तर चावी कोणाकडे ठेवता तुम्ही लोक?