स्पॉटिफाय तेच तेच वाजवतंय. घरबसल्या नवीन इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेरचं, स्वतंत्र) संगीत शोधायचं कसं?

चिंबपाऊस:
घरून काम असल्यामुळे दिवसभर कानात काहीतरी सुरू असतं. आवड साधारण ड्रीम पॉप (स्वप्नाळू, धूसर पॉप), शूगेझ (गिटारच्या दाट गोंगाटात बुडालेलं गाणं), पोस्ट-रॉक (लांबलचक, बहुधा शब्दांविना रॉक) या अंगाची. आपल्याकडचे पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, पुण्याचे ईझी वाँडरलिंग्ज हेही आवडतात. पण ॲप फिरून फिरून त्याच पन्नासेक गाण्यांवर येतं, आणि ‘इंडियन इंडी’ नावाच्या याद्यांमध्ये मोठ्या कंपन्यांची, सिनेमात सहज खपतील अशी गाणीच जास्त. देश, भाषा कोणतीही चालेल. खरोखर नवी नावं सापडतील अशी शोधायची पद्धत सांगा. बँडकॅम्प (कलाकार आणि लेबलं थेट अल्बम विकतात ते संकेतस्थळ) वापरायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?

कानोसा:
कलाकाराच्या नावावरून शोधणं थोडं बाजूला ठेवा आणि लेबलवरून, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीवरून शोधा. छोटं लेबल म्हणजे बहुतेक वेळा एकदोन माणसांचे कान. वर्षाला मोजके रेकॉर्ड काढतात आणि पदरचे पैसे घालतात, त्यामुळे निवड नेटकी असते. त्यांचा एक रेकॉर्ड आवडला की दुसरा आवडण्याची शक्यता कुठल्याही यादीपेक्षा जास्त. तुमच्या आवडीला धरून तीन नावं: स्लंबरलँड (अमेरिका, १९८९ पासून, गोंगाटी गिटार आणि गोड चाली), कॉन्स्टेलेशन (मॉन्ट्रियल, १९९७, पोस्ट-रॉकसाठी इथूनच सुरुवात करा), फ्लाइंग नन (न्यूझीलंड, १९८१, झंकारत्या गिटारचा पॉप). तिन्ही बँडकॅम्पवर आहेत.

आता बँडकॅम्प. आवडलेल्या अल्बमचं पान उघडा. तिथे ‘सपोर्टेड बाय’खाली विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात, आणि काहींनी दोन ओळी लिहिलेल्या असतात. त्या लिहिणाऱ्यांपैकी एकाचा संग्रह उघडा. शंभर ते पाचशे रेकॉर्ड असलेला माणूस सगळ्यात उपयोगी. पाच हजार असतील तर तो सगळंच घेतो, त्यातून त्याची आवड कळत नाही. दहा असतील तर पुढे जायला वाट नाही. तुमच्याकडचे तीन-चार अल्बम ज्याच्याकडेही आहेत, त्याला फॉलो करा. तो पुढे काय घेतो ते तुमच्या फीडमध्ये येत राहतं. लेबललाही फॉलो करा, म्हणजे नवा रेकॉर्ड आला की मेल येते. मला स्वतःला ही सोय कोणत्याही शिफारस-यंत्रापेक्षा मोलाची वाटते, कारण इथे शिफारस करणाऱ्याने खिशातून पैसे मोजलेले असतात.

टॅग वापरताना दोन गोष्टी. ‘इंडी’ हा टॅग निरुपयोगी आहे, तो सगळेच लावतात. अरुंद टॅग घ्या आणि त्याला गावाची जोड द्या: शूगेझ आणि जकार्ता, पोस्ट-रॉक आणि पुणे असं. दुसरं म्हणजे ‘गोवा’ टॅगवर गेलात तर पणजी-मडगावचे बँड सापडतील या आशेने जाऊ नका. तिथे गोवा ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचा पूर येतो, आणि तो बनवणारे बरेचसे युरोप आणि इस्रायलमधले असतात. टॅग कलाकार स्वतः लावतात, कुणी तपासत नाही. म्हणून स्थळ पाहायचं तर पानावर कलाकाराच्या नावाखाली दिलेलं गाव पाहा.

रेकॉर्डचा आवाज आवडला असेल, म्हणजे ढोल कसे घुमतात, गिटारच्या आवाजाचा थर कसा आहे, तर डिस्कॉग्ज या रेकॉर्डांच्या माहितीच्या संकेतस्थळावर त्याच रेकॉर्डचं पान उघडून ‘क्रेडिट्स’ वाचा. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग कुणी केलं त्या नावावर टिचकी मारली की त्याने केलेली बाकीची कामं दिसतात. शूगेझमध्ये हे फार लागू पडतं, कारण अर्धी करामत स्टुडिओतच होते.

लहरी_सुतार:
लेबलचा सल्ला बिनचूक आहे. पण स्पॉटिफायला इतक्यात निकालात काढू नका, ते आधी साफ करा. ही शिफारस मुख्यतः इतरांच्या याद्या आणि तुमचं ऐकणं जुळवून होते. कामाच्या वेळी लावलेला पाऊस-धबधब्याचा आवाज, मुलांची गाणी, ऑटोप्लेने आपोआप वाजवलेलं, हे सगळं त्यात जातं. आणि ऑटोप्ले तुम्हाला आवडेल अशी खात्री असलेलंच वाजवतो, ते पुन्हा ‘आवड’ म्हणून मोजलं जातं. तेच तेच येण्याचं मोठं कारण हे चक्र आहे.

म्हणून: सेटिंगमध्ये ऑटोप्ले बंद. झोपेच्या आणि कामाच्या याद्यांवर तीन टिंबं दाबून ती यादी आवडीच्या हिशेबातून वगळा, तसा पर्याय तिथेच आहे. पाहुणे गाणी लावणार असतील तर प्रायव्हेट सेशन सुरू करा, पण बराच वेळ काही वाजलं नाही की ते आपोआप बंद होतं हे ध्यानात ठेवा. ३० सेकंदांच्या आत पुढे ढकललेलं गाणं ऐकलं म्हणून मोजत नाहीत, तेव्हा नावडतं गाणं लगेच ढकला, अर्धं ऐकत बसू नका. महिनाभरात फरक पडायला हवा. एका आठवड्यात निकाल मागू नका.

डिस्कव्हर वीकली दर सोमवारी बदलते, ३० गाणी असतात आणि जुनी पुसली जातात. आवडलेलं रविवारपर्यंत दुसऱ्या यादीत टाका. ‘साँग रेडिओ’ सुरू करायचा तर बँडच्या गाजलेल्या गाण्यावरून नको, अल्बमच्या मागच्या बाजूच्या कमी ऐकलेल्या गाण्यावरून करा. गाजलेल्या गाण्याचे शेजारीही गाजलेलेच असतात. तसंच ‘फॅन्स ऑल्सो लाइक’मध्ये पहिल्या पायरीवर थांबू नका. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या बँडवर उतरत जा, महिन्याचे श्रोते काही हजारांवर येईपर्यंत. खरी नवी नावं तिथे आहेत.

शोधपेटीत रोमन लिपीत लेबल हा शब्द, कोलन आणि अवतरणचिन्हांत लेबलचं नाव लिहिलं की त्या लेबलचं काम समोर येतं. कानोसांची पद्धत इथेही चालते ती अशी.

एव्हरी नॉइज ॲट वन्स या संकेतस्थळाचं नाव कुणीतरी सुचवेलच. संगीतप्रकारांचा नकाशा म्हणून ते अजून सुंदर आहे, पण डिसेंबर २०२३ नंतर त्यात नवी भर पडलेली नाही. ताज्या रेकॉर्डसाठी त्याच्यावर विसंबू नका.

मध्यमलहरी:
कुणी रेडिओचं नावच काढलं नाही! माणसाने निवडलेलं, न मागता समोर येणारं, आणि फुकट.

सिएटलचं केईएक्सपी. १९७२ मध्ये विद्यापीठाचं केंद्र म्हणून सुरू झालं, आजचं नाव २००१ पासून. संकेतस्थळावर वाजलेल्या प्रत्येक गाण्याची कलाकार, अल्बम, लेबल अशी नोंद असते. सकाळचा कार्यक्रम तिथे ७ वाजता लागतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळी वेळेत संध्याकाळी ७:३० आणि हिवाळी वेळेत ८:३०. आपल्या कामाच्या तासांत तिथे रात्र असते आणि रात्री एकेका प्रकाराला वाहिलेले खास कार्यक्रम लागतात. दिवसाचं प्रसारण हवं असेल तर मागचे दोन आठवडे साठवलेले असतात, तारीख निवडून हवं तेव्हा ऐका.

लंडनचं एनटीएस (२०११ पासून) अधिक आडवाटेचं. दोन वाहिन्या थेट, आणि जुने कार्यक्रम गाण्यांच्या यादीसह जपून ठेवलेले. तिथे कार्यक्रम न निवडता सादरकर्ता निवडा. एक जमला की त्याचे मागचे सगळे भाग ऐकून काढा. दिल्लीचं बॉक्सआउट.एफएमही पाहा, आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक मंडळींचा पत्ता तिथून लागतो.

काम करताना गाणं आवडलं तर शोधाशोध करत बसू नका, फक्त वेळ टिपा: ‘११:४२, बाईचा आवाज, ऑर्गन’. संध्याकाळी यादीशी ताडून पाहा. यादीतली वेळ सिएटलची दाखवतेय की आपली, हे आधी एका चालू गाण्यावरून पडताळून घ्या, नाहीतर सगळ्या नोंदी चुकतील. आणि सापडलेला अल्बम एकदा तरी काम बाजूला ठेवून ऐका. पोस्ट-रॉकचं चौदा मिनिटांचं गाणं मीटिंगच्या मागे ऐकून त्याच्याबद्दल मत बनवणं हा त्या बँडवर अन्याय आहे.

चिंबपाऊस:
इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. कॉन्स्टेलेशनपासून सुरुवात केली आहे. दोन शंका: बँडकॅम्पवर डेबिट कार्ड चालत नाहीये. आणि डाउनलोडला इतके प्रकार दाखवतात, त्यातला कोणता घ्यायचा?

डबा_ऐसपैस:
कार्ड: भारतीय कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार बहुधा बंद ठेवलेला असतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये तो सुरू करा, मर्यादा दोन हजार रुपये ठेवा, खरेदी झाली की पुन्हा बंद करा. बँक परकी चलनाचं शुल्क लावते, अनेक कार्डांवर ३.५ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. ८ डॉलरच्या अल्बमवर हे साधारण ३३ सेंट होतात.

विकणारा कलाकार भारतातला असेल तर वेगळी अडचण येते. बँडकॅम्पवर कलाकाराला पैसे पेपाल या ऑनलाइन सेवेतून पोचतात, आणि पेपालने भारतांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले, त्यामुळे भारतीय खात्यातून भारतीय कलाकाराला त्या वाटेने पैसे जात नाहीत. अशा वेळी बँडला थेट संदेश पाठवा आणि यूपीआयने पैसे देऊन अल्बम मिळेल का विचारा. त्यात मधला वाटाही जात नाही. एरवी बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं. ‘बँडकॅम्प फ्रायडे’ला ते आपला वाटा सोडतात. मार्च २०२० मध्ये साथीमुळे कार्यक्रम बंद पडले तेव्हा हे सुरू झालं. आता दर महिन्याला नसतो, तारखा आधी जाहीर होतात. तो दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी १२:३० ला, हिवाळ्यात १:३० ला. शुक्रवारी सकाळीच घाईने घेतलंत तर कलाकाराला तो फायदा मिळत नाही.

प्रकार: ४० मिनिटांचा अल्बम एमपीथ्री ३२० मध्ये (३२० केबीपीएस, हा आकडा जितका मोठा तितका आवाज कमी दाबलेला) ९६ एमबी, फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीच न गाळणारा प्रकार) ढोबळ २०० ते २८० एमबी. फोन आणि साधे ब्लूटूथ हेडफोन असतील तर एमपीथ्री पुरे, कारण ब्लूटूथ आवाज पुन्हा दाबतोच. संगणकावर जपून ठेवायला मात्र फ्लॅकच घ्या. त्यावरून पुढे कुठलाही प्रकार बनवता येतो, एमपीथ्रीवरून गेलेलं परत येत नाही. आयफोनच्या ॲपल म्युझिकमध्ये घालायचं असेल तर फ्लॅक चालणार नाही, एएलएसी (ॲपलचा तसाच, काही न गाळणारा प्रकार) निवडा. अँड्रॉइडवर व्हीएलसी हे ॲप सगळं वाजवतं.

एक राहिलं: बँडकॅम्पच्या पानावर फुकट ऐकू येतं ते १२८ केबीपीएस असतं. शूगेझच्या दाट गिटारी त्यात चिखलासारख्या ऐकू येतात आणि झांजा खरखरतात. तेवढ्यावरून रेकॉर्डिंग वाईट आहे असं ठरवू नका. शंका असेल तर एक गाणं विकत घेऊन फ्लॅकमध्ये तार जोडलेल्या हेडफोनवर ऐका आणि मग पूर्ण अल्बमचं ठरवा.