शब्दचर्चा : फाईलच्या नावातील चिन्हे ‘एस्केप करणे’ याला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (इंदूर) : येथील एका वाचनालयाच्या जुन्या अंकांच्या स्कॅन केलेल्या फाईली हलवण्यासाठी मी शेल स्क्रिप्ट (टंकित आज्ञा वाचून संगणकाकडून करवून घेणाऱ्या ‘शेल’ या प्रोग्रामसाठी लिहिलेली आज्ञांची यादी) लिहिली. ‘होळकर दप्तर १’ या नावाचे शेलने मोकळ्या जागांवर तीन तुकडे केले, आणि त्याच फोल्डरमध्ये नुसत्या ‘दप्तर’ नावाची दुसरी फाईल असल्यामुळे भलतीच फाईल हलली. मोकळी जागा ‘एस्केप’ करावी, म्हणजे तिच्याआधी उलटी तिरपी रेघ (\) द्यावी, असे जाणकार सांगतात. सहकाऱ्यांसाठी मराठीत सूचना लिहिताना कोणता शब्द योजावा? ‘सुटका’ मनाला पटत नाही.

उत्तर : आपली शंका रास्त आहे. आस्की या संगणकीय चिन्हसंकेतातील २७ क्रमांकाच्या एस्केप चिन्हाचा मूळ हेतू चालू संकेत सोडून दुसऱ्या संकेतात जाणे हा होता; म्हणजे बाहेर पडतो तो वाचणारा, चिन्ह जागीच राहते. शेलमध्ये उलटी तिरपी रेघ पुढच्या चिन्हाचा खास अर्थ काढून घेते, तर सी या प्रोग्रामिंग भाषेत तीच रेघ साध्या ‘एन’ला नव्या ओळीचा अर्थ देते. दोन्हीकडे अर्थ पालटतो, म्हणून मी ‘अर्थ पालटणे’ हा प्रयोग सुचवीन.

आपल्या स्क्रिप्टला मात्र अवतरणचिन्हे हवीत, आणि तेथे मराठी माणूस हमखास फसतो. शाळेच्या व्याकरणात बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे देण्यासाठी दुहेरी अवतरणचिन्ह असते आणि शब्दावर जोर देण्यासाठी एकेरी. शेलमध्ये जसेच्या तसे राखते ते एकेरी. दुहेरीत मोकळी जागा शाबूत राहते, पण डॉलरचिन्ह लावलेल्या चलाच्या (मूल्य साठवणाऱ्या नावाच्या) जागी त्याचे मूल्य येते. आपल्याकडे फाईलचे नाव चलात असल्याने दुहेरीच घालावे. एकेरी घातल्यास शेल डॉलरचिन्हासकट चलाचे नाव हेच फाईलचे नाव समजेल.

पुरवणी (दुसऱ्या सदस्याकडून) : ‘विशेष चिन्ह’ या शब्दालाही माझी हरकत आहे. युनिक्स या संगणकप्रणालीत फाईलच्या नावात फक्त तिरपी रेघ (/) आणि शून्य मूल्याचा बाइट चालत नाहीत. मोकळी जागा, तारांकन, प्रश्नचिन्ह, इतकेच काय नवी ओळसुद्धा चालते. ही चिन्हे विशेष ठरतात ती शेलच्या लेखी, म्हणून ‘शेलला सूचक चिन्हे’ म्हणणे अधिक नेमके होईल. आडव्या रेघेने सुरू होणारे नाव मात्र शेल तसेच पुढे देतो आणि आज्ञाच त्याला पर्याय (ऑप्शन) समजते, त्यामुळे तेथे अवतरणचिन्हांचा उपयोग नाही. नावाआधी टिंब आणि तिरपी रेघ जोडावी.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सूचनेत ‘चल नेहमी दुहेरी अवतरणात लिहावा’ असे घातले असून, ‘अर्थ पालटणे’ हा प्रयोग उलट्या तिरप्या रेघेपुरता ठेवला आहे.